दिंडीची वाट



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी मलाही चार ओळी लिहायला सांगितल्या. मी चवथी शिकलेला शेतकरी, कीर्तनात बोलतो तसंच लिहितो. विणेकरी, चोपदार, अन्नदाते यांच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलंच आहे. मी वाटेचा इतिहास सांगतो, कारण आता वाटेचंच अवघड झालं आहे.

तापीकाठी मेहूणला शके १२१९, म्हंजे सन १२९७ ला, मुक्ताई विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या अशी परंपरा आहे. कोथळी-मुक्ताईनगर, जुनं एदलाबाद, इथून ज्येष्ठात आईसाहेबांची पालखी निघते. राजूर घाट चढून बुलढाणा, मग चिखली, देऊळगाव राजा, जालना, बीड करत पंढरीला जाते. हा झाला मोठा रस्ता. पण गावागावाची दिंडी कोथळीला मिळायची ती वावरांच्या बांधांवरून. ही वाट कोणी आखली नाही. जिथं विहीर, जिथं निंबाची सावली, जिथं नाल्याला सोपा उतार, तिथून पाय गेले आणि वाट झाली.

बिनकागदाची म्हणतात, पण सगळ्याच वाटा तशा नाहीत. गावनकाशात पायमार्ग तुटक एका रेषेनं दाखवतात, त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग तुटक दोन रेषांचा, साडेसोळा ते एकवीस फूट. चालत्या वाटेला कोणी आडवं आलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत. शेतकऱ्याला वावरात जायला बांधावरून वाट हवी असेल तर त्याला जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे. म्हणून नकाशाची नक्कल दिंडीच्या पेटीत असावी. भांडणासाठी नाही. नातवाला वाट कुठून होती ते कळावं म्हणून.

वाटेला दोन्हीकडून धोका आहे. एक नांगराचा. दरसाल एक तास बांधात सरकतो आणि सव्वाआठ फुटांचे दोन फूट राहतात. दुसरा धोका चांगुलपणाचा. कोणी म्हणतं, सगळीच वाट डांबरी करू. पण ज्येष्ठाच्या उन्हात डांबरावर अनवाणी माय-माउलीचे पाय भाजतात. रुंदीकरणात आधी झाड जातं, आणि मोकळ्या डांबरावर केळीचा ट्रक भरधाव येतो. आळंदी-देहूच्या पालखी मार्गांचं काम २०२१ साली सुरू झालं, एक सुमारे २२१ किलोमीटर, दुसरा १३०. तिथं वारकऱ्यांसाठी बाजूनं वेगळी चालवाट धरली. लाखोंच्या गर्दीला ते बरोबर आहे. आपल्या दीडशे माणसांना मातीच पुरते.

पण माती आपोआप टिकत नाही. काळ्या जमिनीत पाणी वाटेवरून चाललं की चाकोरीचा ओहोळ होतो. मग माणूस चिखल टाळून बाजूच्या पिकातून जातो, वाट रुंदावते आणि शेतकरी चिडतो. चूक त्याची नसते. जुनी मंडळी मृगाआधी घरटी एक माणूस काढायची. उतारावर तिरपा दगडी पट्टा बसवून पाणी जागोजागी खाली काढून द्यायची. नुसता खड्डा बुजवला तर पाणी शेजारून नवी वाट काढतं, हे त्यांना ठाऊक होतं. उताराला सरळ वाट धरायची नाही, आडवी वळणं घ्यायची. नरम जागी मुरूम, बाकी माती तशीच.

आता त्यात एक भर घालावी लागेल. ओलीत ट्रॅक्टर आणि फटफटी पायवाटेवर घालू नये. एका ओल्या दिवसाची चाकोरी वाळली की वर्षभर पाय मुरगळते. गाडीवाट पक्की करायला २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, अशा योजनेचा उपयोग गाडीवाटेला करावा. पायवाट पायांसाठीच ठेवावी.

मंडळींना विनंती एवढीच, की शताब्दीच्या खर्चातून कमानीला थोडं कमी आणि वाटेला थोडं जास्त द्यावं. बांधाच्या मालकाला आधी विचारून निंब लावावेत, जुन्या विहिरीचा कठडा बांधावा, आणि दर मृगाआधी एक दिवस टिकाव-फावडं घेऊन सगळ्यांनी यावं. मी येतोच आहे.