खोली विकली, घर बांधलं, टॅक्स कुठे गेला?

मुंबईतली खोली विकायची आणि तळेऱ्याला घर बांधायचं, हा आमच्याकडच्या चाकरमान्यांचा रिटायरमेंटचा ठरलेला प्लॅन. पैसा एका घरातून निघाला, दुसऱ्या घरात गेला, हातात काहीच उरलं नाही. मग सरकारने टॅक्स कशावर घ्यायचा?

अमेरिकेत यावर १९२१ सालीच तोडगा निघाला. पुढे १९५४च्या संहितेत तो कलम १०३१ झाला. भाड्याची इमारत देऊन दुसरी घेतली तर टॅक्स आत्ता नाही. माफ मात्र नाही हां! जुनी खरेदी किंमत नव्या इमारतीला चिकटते, म्हणजे सरळ कॉपी-पेस्ट. (मालक वारला की वारसांसाठी त्या दिवसाचा बाजारभावच खरेदी किंमत धरतात. म्हणजे टॅक्स कायमचा गुल!) बदल्यातली मालमत्ता नंतर घेतली तरी चालेल, असं १९७९च्या स्टार्कर खटल्यात कोर्टाने मान्य केलं. लगेच १९८४मध्ये तिथल्या संसदेने लगाम घातला: ४५ दिवसांत नवी मालमत्ता ठरवा, १८० दिवसांत घ्या.

आपल्याकडे भांडवली नफ्यावरचा टॅक्स १९४७मध्ये आला, १९४८मध्ये गेला आणि निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाच्या शिफारशीनंतर १९५६मध्ये परत आला. १९६१च्या कायद्यात कलम ५४ आलं. सवलत होती, पण विकलेल्या घरात तुम्ही किंवा तुमचे आईवडील राहत असायला हवेत. भाड्याने दिलेला फ्लॅट बाद! ही अट १९८२च्या फायनान्स ॲक्टने काढली. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर घ्या, नाहीतर तीन वर्षांत बांधा. नवं घर तीन वर्षं विकलं नाही, की टॅक्स पुढे ढकललेला नसतो, चक्क माफ असतो. इथे आपण अमेरिकेच्या पुढे :-) (२०२३पासून दहा कोटींची मर्यादा आहे. आम्हाला काळजी नाही.)

पण गाळ्याचं काय? तळेऱ्याच्या नाक्यावरून एक रस्ता वैभववाडी-गगनबावड्याकडे जातो, एक विजयदुर्गाकडे. अशा मोक्याच्या जागेचा गाळा देऊन कणकवलीत गाळा घेतला तर सवलत शून्य. कलम २(४७)प्रमाणे नुसती अदलाबदलही 'हस्तांतरण'च. अमेरिकेतला माणूस जे सहज करतो ते इथे चालत नाही. आपला कायदा डोक्यावरच्या छपरासाठी लिहिलाय, गुंतवणुकीसाठी नाही. मला हे पटतं, पण गाळा हेच ज्याचं पेन्शन आहे त्याला कसं पटणार?

गाळा विकून घर घेतलं तर मात्र ५४एफ आहे, तेही १९८२चंच. पागडीची खोलीही इथेच येते, कारण तुम्ही घर विकत नाही, भाडेकरूचा हक्क सोडता. ५४ला नफा गुंतवला की पुरतं. ५४एफला पूर्ण सूट हवी तर खर्च वजा जाता आलेली सगळी रक्कम घरात घालावी लागते. (हे आकडे १९६१च्या कायद्यातले, २०२५च्या नव्या कायद्यात ते बदललेत.)

रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत न वापरलेले पैसे बँकेत १९८८च्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायचे आणि तीन वर्षांत घर उभं करायचं. सातबारावर सगळ्या चुलत भावांची नावं असली, तर सह्या गोळा करण्यातच त्यातलं एक वर्ष जातं.