पकडून सोडलेला मासा: इंग्लंडमधील तिकिटाच्या कार्पतळ्यांचा इतिहास

इंग्लंडमध्ये ‘दिवसाचे तिकीट’ असलेले तळे म्हणजे असे खासगी पाणी, की ज्याच्या काठावर कोणत्याही संस्थेचा सभासद नसलेला मनुष्य ठरावीक पैसे भरून ठरावीक काळापुरता गळ टाकू शकतो. आज अशा तळ्यांवर शुक्रवारी दुपारी येऊन रविवारपर्यंत काठावरच मुक्काम करणारे हौशी मासेमार प्रामुख्याने कार्प या एकाच माशासाठी येतात, आणि पकडलेला प्रत्येक कार्प वजन व छायाचित्र झाल्यावर पाण्यात परत सोडतात. तळ्यातील मासे हे तळ्याच्या मालकाचे, हे इंग्लंडमधील जुने तत्त्व या व्यवहारातही कायम आहे. मालक विकतो तो मासा नव्हे, तर माशाच्या सहवासातील काही तास. ही व्यवस्था प्राचीन वाटत असली तरी तिचे आजचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले, आणि ते घडण्यासाठी कामगारांची सुट्टी, रेतीच्या खाणी आणि मासा न खाण्याची रीत या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र याव्या लागल्या.

कार्प हा मूळचा इंग्लंडचा मासा नाही. कटला, रोहू व मृगळ ज्या कुळातले, त्याच कुळातील हा मासा डॅन्यूब नदीच्या आणि काळ्या व कास्पियन समुद्रांच्या खोऱ्यांतला असून, मध्य युरोपात तो मध्ययुगातच तळ्यांत पाळला जाऊ लागला होता. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आणि शुक्रवारी ख्रिस्ती धर्माचाराप्रमाणे मांस वर्ज्य असले तरी मासे चालत, त्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या मठांना व जमीनदारांना जिवंत माशांचा साठा जवळ असणे सोयीचे होते. बोहेमियात या गरजेतून मत्स्यशेतीचे मोठे शास्त्रच उभे राहिले. ओलोमोउत्सचा बिशप यान दुब्राविउस याने 1547 मध्ये मत्स्यतळ्यांवर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, तर 1584 ते 1590 या काळात याकुब क्रचीन याने र्‍होजम्बेर्क हा प्रचंड तलाव बांधून घेतला. तेथून पुढे आलेल्या निवडक पैदाशीत मासा लवकर वाढणारा, उंच पाठीचा आणि कमी खवल्यांचा व्हावा, हे उद्दिष्ट राहिले. अंगावर मोजकेच मोठे, चकचकीत खवले असणारा ‘मिरर कार्प’ हा प्रकार अशा पैदाशीचेच फळ होय. कमी खवल्यांचा मासा स्वयंपाकघरात साफ करायला सोपा, एवढेच या निवडीमागचे व्यावहारिक कारण होते.

इंग्लंडमध्ये कार्प पोहोचला तो पंधराव्या शतकाच्या आसपास. पुढे नॉरफोकचा ड्यूक झालेल्या सर जॉन हॉवर्ड याच्या 1460 च्या दशकातील घरखर्चाच्या नोंदींत तळ्यांत सोडलेल्या कार्पचा उल्लेख सापडतो. विंकिन द वर्ड याने 1496 मध्ये छापलेल्या, गळाच्या मासेमारीवरील पहिल्या इंग्रजी निबंधात हा मासा चवीला उत्तम पण देशात दुर्मीळ असल्याचे नमूद आहे. त्यानंतरच्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, उपवासाची सक्ती सैल झाली, सागरी मासळीचा पुरवठा वाढला, आणि मत्स्यतळी हळूहळू गाळाने भरू लागली. आयझॅक वॉल्टन याच्या 1653 च्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ या ग्रंथात कार्पला मानाचे स्थान असले, आणि तो गळाला सहजी लागत नाही ही कीर्तीही तेव्हा रूढ झालेली असली, तरी पुढील अडीचशे वर्षांत त्याचा हौशी मासेमारीत फारसा वाटा राहिला नाही.

या अडीचशे वर्षांत मासेमारी करणाऱ्यांची समाजरचना मात्र पार बदलली. सामन व ट्राउट हे ‘गेम’ म्हणजे शिकारीच्या प्रतिष्ठेचे मासे, आणि गोड्या पाण्यातले बाकी सारे ‘कोर्स’ म्हणजे साधे मासे, असा भेद इंग्लंडमध्ये रुजला, आणि तो पुष्कळ अंशी वर्गभेदच होता, कारण सामनच्या नद्यांचे काठ श्रीमंतांच्या ताब्यात होते, तर कालवे, गिरण्यांचे तलाव आणि संथ नद्या कामगारांच्या वाट्याला आल्या होत्या. 1850 च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगार यांना शनिवारी दुपारी दोन वाजता काम सोडण्याची मुभा मिळाली, आणि शनिवारची अर्धी सुट्टी पुढे इतर उद्योगांतही पसरली. शेफील्डसारख्या शहरांतील मासेमार मंडळांचे सभासद आगगाडीने लिंकनशायरच्या विदम नदीवर जाऊ लागले. शेफील्डचेच खासदार ए. जे. मंडेला यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये झालेल्या कायद्याने साध्या माशांना अंडी घालण्याच्या हंगामात संरक्षण मिळाले, आणि 15 मार्च ते 15 जून हा बंदीकाळ ठरला. आठवड्याच्या शेवटी पाण्यावर जाण्याची रीत अशा प्रकारे घडत गेली. मात्र तेव्हा गळाला लागणारे मासे रोच, ब्रीम यांसारखे छोटे होते, आणि पाणी बहुधा मंडळाने सामुदायिक भाड्याने घेतलेले असे.

कार्प या कथेत परत आला तो विसाव्या शतकात. सरे परगण्यातील मत्स्यपालक डोनाल्ड लेनी हे हॉलंडमधून चांगल्या वाणाची कार्पची पिल्ले आणून तळ्यांच्या मालकांना पुरवू लागले. 1934 मध्ये त्यांची पन्नास पिल्ले हेरफर्डशायरमधील रेडमायर या तीन एकरांच्या आसपास विस्ताराच्या तळ्यात सोडण्यात आली. हेतू मासेमारीचा नव्हता. पाण्यातील शेवाळ आटोक्यात यावे, इतकीच मालकाची अपेक्षा होती. त्या वेळी इंग्लंडमधील विक्रमी कार्प 26 पौंडांचा, म्हणजे सुमारे 12 किलोंचा होता, आणि कार्प मुद्दाम पकडता येतो यावर फारसे कोणी विश्वास ठेवत नसे. 1951 मध्ये रेडमायरमधून 31 पौंड 4 औंसांचा मासा निघाला, आणि 13 सप्टेंबर 1952 रोजी रिचर्ड वॉकर यांनी तिथेच 44 पौंडांचा, जवळजवळ 20 किलोंचा कार्प पकडला.

वॉकर हे पेशाने अभियंता होते, आणि नशिबावर सोडलेल्या गोष्टींची कारणे शोधण्याची त्यांची वृत्ती मासेमारीतही उतरली. रात्री अंधारात मासा आमिष ओढू लागताच आवाज करणारे विजेवर चालणारे सूचनायंत्र त्यांनी तयार केले, मोठ्या कार्पची ओढ पेलणारी चिरलेल्या वेळूची काठी आखली, आणि 1953 मध्ये ‘स्टिल-वॉटर अँग्लिंग’ या पुस्तकात संथ पाण्यातील माशांचे वर्तन तापमान, वारा व अन्न यांच्या आधारे मांडले. तथापि इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरले ते त्यांनी त्या माशाचे काय केले हे. तो मारून पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवण्याची तोवरची रीत बाजूला सारून त्यांनी तो जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयाकडे पाठवला. ‘क्लॅरिसा’ नावाने ओळखला गेलेला हा कार्प 1971 पर्यंत जगला. माशाला स्वतःचे नाव आणि चरित्र असू शकते, ही कल्पना त्या काळात सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली.

त्यानंतरच्या दशकांत दोन साधनांनी ही विद्या निवडक लोकांच्या हातून सर्वांच्या हाती आणली. 1970 च्या दशकात फ्रेड विल्टन यांनी पौष्टिक प्रथिनांची पिठे अंड्यात मळून, त्यांच्या गोळ्या वळून त्या उकळत्या पाण्यात थोडा वेळ शिजवण्याची पद्धत पुढे आणली. ‘बॉयली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गोळीला वरून घट्ट साल येत असल्याने बारके मासे ती कुरतडू शकत नाहीत, आणि तळाशी पडलेली गोळी कार्पसाठीच शिल्लक राहते. दुसरे साधन ‘हेअर रिग’. लेनी मिडलटन व केव्हिन मॅडॉक्स यांनी विकसित केलेल्या आणि 1981 मध्ये मॅडॉक्स यांच्या ‘कार्प फीव्हर’ या पुस्तकाच्या सुमारास सर्वांना खुल्या झालेल्या या रचनेत आमिष गळात न ओवता गळाच्या खाली केसासारख्या बारीक दोऱ्याला टांगले जाते. कार्प शंकेखोरपणे आमिष ओठांनी चोखून पाहतो आणि संशय येताच थुंकून टाकतो. आमिषाबरोबर मोकळा गळही आत जात असल्याने, थुंकताना तो खालच्या ओठात रुततो. गळ बहुधा ओठातच बसल्यामुळे मासा फारशी इजा न होता सोडता येतो.

या काळात पाणीही नव्याने निर्माण झाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरे, धावपट्ट्या व महामार्ग यांच्या काँक्रीटसाठी थेम्स, कोल्न, ट्रेंट, नीन या नद्यांच्या खोऱ्यांतून प्रचंड प्रमाणात वाळू व खडी उपसली गेली. भूजलपातळीच्या खाली गेलेल्या या खाणी पंप बंद होताच पाण्याने भरल्या, आणि ज्या जमिनीतून पीकही येणार नव्हते व खडीही संपली होती, तिच्या मालकांपुढे उत्पन्नाचा प्रश्न उभा राहिला. ऑक्सफर्डशायरमधील लिनियर किंवा नॉर्थॅम्प्टनशायरमधील ब्लूबेल येथील तळी हे याच खाणींचे उत्तरजीवन होय. 1995 मध्ये बहुतेक संथ पाण्यांवरील बंदीकाळ उठल्यावर अशा तळ्यांना वर्षभर तिकिटे विकता येऊ लागली, आणि बारा, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांच्या तिकिटांचा बाजार स्थिरावला. सरकारी परवाना मात्र तिकिटाव्यतिरिक्त स्वतंत्रपणे काढावा लागतो.

या व्यवहाराचे गणित माशाच्या आयुष्यावर उभे आहे. ताटात गेलेला कार्प एकदाच विकला जातो, पण पाण्यात परत गेलेला कार्प काही दशके उत्पन्न देऊ शकतो. ब्लूबेल येथील ‘बेन्सन’ नावाचा सुमारे 64 पौंडांचा कार्प 2009 मध्ये मेला, तेव्हा तो साठहून अधिक वेळा पकडला गेल्याचे वृत्तपत्रांनी छापले होते. म्हणूनच माशाला जमिनीवर ठेवण्यासाठी ओली मऊ गादी हवी, गळाची जखम औषधाने पुसावी, जाळी निर्जंतुक करावी, या नियमांमागे भूतदयेइतकाच हिशेबही आहे. संरक्षणामुळे नद्यांत परतलेल्या पाणमांजरांपासून तळ्यांना कुंपणे घालावी लागतात ती याच कारणाने. 2004 नंतर पोलंडसारख्या देशांतून आलेल्या, नाताळच्या आदल्या संध्याकाळी कार्प खाण्याची परंपरा असलेल्या लोकांशी काही तळ्यांवर जे खटके उडाले, तेही एकाच माशाच्या दोन इतिहासांमधले होते.

भारतात याच जातीचा मिरर कार्प 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला, आणि पुढे महाराष्ट्रातील तलावांत ‘सायप्रिनस’ म्हणून त्याची बोटुकली सोडली जाऊ लागली, ती केवळ उत्पादनासाठी. बोहेमियाच्या मत्स्यपालकांना अपेक्षित असलेला कार्प इथे टिकला, तर इंग्लंडमध्ये तो त्यांच्या हिशेबाबाहेर गेला. भराभर मांस धरावे म्हणून शतकानुशतके निवडलेले शरीर तिथे केवळ तोलून परत सोडण्यासाठी वाढवले जाते. उपवासाच्या ताटासाठी घडवलेला मासा ताटापासून दूर ठेवला गेला, आणि त्यामुळेच पाण्याचे मालक नसलेल्या माणसाला आठवड्याचे दोन दिवस त्या पाण्यावर जागा मिळाली.