नावांची नोंदवही आणि मालकाचे नाव

नोंदवहीत मालकाचे नाव लिहावयाचे ते कोणी वाचावे म्हणून, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील मैंदर्गीसारख्या सीमेलगतच्या गावी नवा नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार फेरफाराची प्रत चावडीवर लावावी लागते, ती कोणास हरकत असल्यास घेता यावी म्हणून. नाव उघडे असते. परंतु वाचणारा बहुधा ओळखीचा.

इंटरनेटवरील डोमेन नावांच्या नोंदवहीचे मूळही अशाच ओळखीच्या मंडळात सापडते. अर्पानेट या अमेरिकी जालाचे माहिती केंद्र कॅलिफोर्नियात होते. मार्च १९८२ मध्ये केन हॅरेन्स्टीन व विक व्हाइट यांनी ‘हू-इज’ या विचारणा-सेवेचे टिपण प्रसिद्ध केले; त्यात जालावर व्यवहार करू शकणाऱ्या प्रत्येकाने पूर्ण नाव, टपालाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक नोंदवावा, अशी अपेक्षा होती. यंत्र बिघडल्यास माणूस सापडावा, हा तिचा उघड उपयोग. तथापि धोक्याची सूचना तत्पूर्वीच मिळाली होती. मे १९७८ मध्ये एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने छापील सूचीतून पत्ते उचलून सुमारे ४०० जणांस जाहिरात धाडली. अनाहूत जाहिरातपत्रांचा तो पहिला दाखला समजला जातो.

१९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली, आणि ‘डॉट कॉम’सारख्या नावांच्या धारकांचे नाव-पत्ते जाहीर करणे हे नोंदणीदारांचे कराराने कर्तव्य ठरले. एव्हाना धारकांत व्यापारी, पत्रकार, घरूनच लहानसा धंदा करणारे असे सर्व लोक आले होते. त्यांच्या घरचा पत्ता कोणीही, कोठूनही, कारण न सांगता वाचू लागला. (फसविणाऱ्यास खोटा पत्ता लिहिणे जड नव्हते, उघडेपणाचा भार प्रामाणिकांवरच पडे.) पैसे भरून दुसऱ्याच्या नावाआड राहण्याची सोय निघाली ती यातूनच. युरोपीय संघाचा विदासंरक्षण नियम २५ मे २०१८ रोजी अमलात आला. त्याच्या आठच दिवस आधी आयकॅनने तात्पुरते नियम करून व्यक्तीचे तपशील झाकण्यास वाट दिली. २८ जानेवारी २०२५ पासून अशा नावांपुरते जुन्या सेवेचे बंधनही संपले व तिची जागा नव्या पद्धतीने घेतली. फसवणूक झालेल्या ग्राहकास अथवा तपास करणाऱ्यास मात्र आता मालकाचा ठाव सहज लागत नाही, ही तक्रार अनाठायी म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी २००५ पासून सर्वांस खुल्या झालेल्या ‘डॉट इन’ नावांचा मार्ग थोडा निराळा आहे. तेथे दुसऱ्याच्या नावाआड नोंदणी करण्यास मज्जाव आहे. खरी माहिती द्यावीच लागते, पण जगास ती दाखविली जात नाही. मैंदर्गीच्या एखाद्या गृहस्थाने स्वतःच्या नावे असे डोमेन घेतल्यास विचारणा करणाऱ्यास त्याच्या ठावठिकाण्यापैकी सामान्यतः महाराष्ट्र व भारत एवढेच दिसते. त्याच्या शेताच्या सातबारावरील पूर्ण नाव, खाते क्रमांक आणि क्षेत्र मात्र महाभूलेखावर कोणासही पाहता येते.