बिनडागी वासरू: ‘मॅव्हरिक’ शब्दाचे मूळ

‘मॅव्हरिक’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत. मूळ अर्थ डाग न दिलेले मोकाट वासरू. लाक्षणिक अर्थ कोणत्याच गोटात न बसणारा, स्वतंत्र बुद्धीचा माणूस. पहिल्यातून दुसरा कसा निघाला हे कळायला एकोणिसाव्या शतकातल्या टेक्ससमधली गुरांची मालकी समजून घ्यावी लागते.

तिथल्या माळांना कुंपण नव्हते. अनेकांची गुरे एकत्र चरत आणि मालकीचा खरा पुरावा म्हणजे कातडीवरचा डाग. ठरावीक काळाने गुरे गोळा करत. वासरू ज्या गायीला लुचते तिच्या मालकाची खूण तापल्या लोखंडाने त्याच्या फऱ्यावर उमटवत. केस जळून कायमचा व्रण राही. हे राहून गेले आणि वासरू आईपासून तुटले, की ते कोणाचे हे सांगता येत नसे. मग जो आधी डाग देईल त्याचे ते.

शब्दाला नाव मिळाले ते सॅम्युएल मॅव्हरिक (1803–1870) यांचे. सॅन अँटोनियोचे हे वकील टेक्ससच्या 1836 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. त्यांचा सारा जीव जमिनीत. 1,200 डॉलरच्या येण्यापोटी 400 गुरे पदरात पडली, ती त्यांनी मॅटागोर्डा द्वीपकल्पावर एका गुलाम कुटुंबाच्या भरवशावर सोडून दिली. डाग द्यायचे राहत गेले. 1856 मध्ये कळप विकला, पण त्यांचे नाव बिनडागी गुरांना चिकटले ते चिकटलेच. सगळी बिनडागी गुरे आपलीच ठरावीत म्हणून त्यांनी मुद्दाम डाग दिले नाहीत, ही दंतकथा मला पटत नाही. कळपाकडे ढुंकूनही न पाहणारा माणूस असला डाव कशाला मांडेल?

यादवी युद्धानंतर अशी गुरे अमाप झाली. 1884 मध्ये वायोमिंगने कायदा करून ती बड्या पशुपालकांच्या संघटनेच्या ताब्यात दिली. छोट्या पशुपालकांची त्यावरची चीड 1892 च्या जॉन्सन काउंटीतल्या सशस्त्र संघर्षामागच्या कारणांपैकी एक ठरली.

त्याच सुमारास शब्द राजकारणात शिरला. मराठीत त्यासाठी सर्रास ‘बंडखोर’ लिहितात. ते चुकीचे आहे. बंडखोर अंगावरचा शिक्का झुगारतो, मॅव्हरिकवर तो उमटलेलाच नसतो. 2008 मध्ये अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्या प्रचारात हे बिरुद मिरवले जाऊ लागले, तेव्हा सॅम्युएल यांच्या वंशजांनी घेतलेली हरकत नेमकी हीच होती: या गृहस्थांवर पक्षाचा डाग आहे.