खानेसुमारीतील ‘महारोगी’ : एका रोगगणनेचा इतिहास

दीर्घकालीन रोगाचे समाजातील प्रमाण मोजून त्यावरून शासनाने धोरण आखावे, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. परंतु मोजणीपूर्वी रोगास नाव द्यावे लागते व त्या नावाची मर्यादा आखावी लागते. हिंदुस्थानच्या खानेसुमारीत झालेली महारोग्यांची गणना या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

या बाबतीत पहिला पद्धतशीर प्रयत्न नॉर्वेत झाला. तेथे १८५६ मध्ये कुष्ठरोग्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तीत प्रत्येक रोग्याची नावनिशीवार नोंद वैद्यांकडून होई व पुढे त्याच्या मृत्यूपर्यंतचा वृत्तांत तीत जोडला जाई. रोग कोठे वाढतो व कोठे ओसरतो, हे त्यामुळे कळू लागले. १८७३ मध्ये रोगजंतूचा शोध लावणाऱ्या हान्सेनच्या संसर्गविषयक प्रतिपादनासही या नोंदींचे साहाय्य झाले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी नॉर्वेतील ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहून १८७४ मध्ये तिच्यावर अहवाल प्रसिद्ध केला.

हिंदुस्थानात मात्र दर दहा वर्षांच्या खानेसुमारीत वेडे, मुकेबहिरे व आंधळे यांच्या जोडीस महारोग्यांचा रकाना ठेवण्यात आला. येथे प्रश्न विचारणारा वैद्य नव्हता आणि प्रश्नातील शब्दही निःसंदिग्ध नव्हता. संस्कृत वैद्यकात ‘कुष्ठ’ हे एका रोगाचे नाव नसून अठरा त्वग्‌विकारांच्या वर्गाचे नाव आहे. त्यापासून प्राकृतद्वारा आलेला ‘कोढ’ हिंदीत महारोगाचा वाचक राहिला. मराठीत ‘कोड’ म्हणजे मुख्यत्वे अंगावरील पांढरे डाग. ‘रक्तपित्त’ हे ग्रंथांत रक्तस्रावाच्या विकाराचे नाव, तर मराठी बोलीतील ‘रक्तपिती’ म्हणजे महारोग.

हा घोटाळा टाळण्यासाठी पांढऱ्या डागांचे लोक वगळून केवळ अंग झडणारा रोग नोंदवावा, अशी सूचना गणकांस देण्यात आली. सूचना सयुक्तिक होती. पण तिने दुसरा दोष उत्पन्न केला. बधिर चट्टा ही ज्याची एकमेव खूण, तो प्रारंभावस्थेतील रोगी गणनेबाहेर राहिला. १८९८ च्या कायद्यानेही व्रण पडू लागलेल्यासच महारोगी मानले आणि निराधार रोग्यांच्या विलगीकरणाची तरतूद केली. गणना आणि कायदा या दोहोंस रोग दिसला, तो त्याच्या अखेरच्या रूपात.

आकडे पाहिले असता याचा प्रत्यय येतो. १८९१ मध्ये रोग्यांची संख्या सुमारे १ लाख २६ हजार होती. १९०१ मध्ये ती ९७ हजारांवर आली. यावरून रोग ओसरत असल्याचे अनुमान कोणी काढले असते, तर ते फसले असते. मधल्या दशकात दोन भीषण दुष्काळ पडले होते, व दुष्काळात निराधार रोगी प्रथम बळी पडतो. स्त्रियांची नोंद पुरुषांच्या मानाने फारच अल्प होती. कुटुंबाच्या अब्रूपायी रोग लपविला जातो, हे खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांसही ठाऊक होते. १९३१ मध्ये संख्या सुमारे १ लाख ४८ हजार झाली. तोवर काही भागांत तज्ज्ञांच्या पथकांनी पाहणी आरंभिली होती, व त्यांच्या मते खरी संख्या याच्या अनेक पट होती. १९४१ पासून हा रकाना गाळण्यात आला.

पुढील मार्ग महाराष्ट्रात वर्ध्याहून निघाला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने घरोघर तपासणी, लोकशिक्षण व उपचार यांची सांगड घातली. येथे रोगी केवळ मोजला जात नव्हता. त्यास औषधही मिळत होते. साहजिकच रोग लपविण्याचे एक कारण उणे झाले.

तथापि जुना प्रश्न मिटला नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. त्यानंतर घरोघरच्या शोधाचा जोर ओसरला; आणि २०१६ मध्ये शोधमोहिमा पुन्हा हाती घेताच दडलेले रोगी आढळू लागले. तात्पर्य, रोगाच्या आकड्यात रोगाचे मान जितके असते, तितकेच शोधणाऱ्याच्या दृष्टीचेही असते. धोरणकर्त्याने आकडा वाचण्यापूर्वी तो कोणत्या शब्दाने व कोणाकडून विचारला गेला, हे प्रथम पाहणे अगत्याचे होय.