फुप्फुसध्वनी-परीक्षण

फुप्फुसध्वनी-परीक्षण : श्वास घेताना व सोडताना छातीत उमटणारे आवाज स्टेथोस्कोपने ऐकून श्वसनमार्गाची आणि फुप्फुसांची स्थिती ओळखण्याची वैद्यकीय पद्धत. मोठ्या शहरात हे परीक्षण क्ष-किरणचित्र किंवा सीटी स्कॅनच्या आधीची औपचारिकता होऊन बसले आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावात मात्र त्याचे वजन वेगळे आहे. जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्या मानाने पैनगंगेपलीकडचे नांदेड जवळ. रुग्णाला गावात ठेवायचे की गाडीत घालायचे, हा निर्णय पुष्कळदा कानाला लावलेल्या नळीवर होतो.

ही नळी फ्रेंच वैद्य रने लेनेक यांची देणगी. 1816 मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात एका तरुणीच्या छातीला थेट कान लावणे त्यांना संकोचाचे वाटले, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून ऐकले. आवाज अपेक्षेपेक्षा स्पष्ट आला. पुढे त्यांनी लाकडी नळी बनवली, ऐकलेले आवाज शवविच्छेदनात दिसलेल्या विकृतींशी ताडून पाहिले आणि 1819 मध्ये ग्रंथ लिहिला. छातीच्या आवाजांना त्यांनी लावलेली व्यवस्था आजही बरीचशी टिकून आहे. लेनेक 1826 मध्ये क्षयाने वारले.

परीक्षणाची रीत साधी आहे, पण ती क्वचितच पुरी पाळली जाते. रुग्णाला बसवावे, तोंड उघडे ठेवून नेहमीपेक्षा थोडा खोल श्वास घ्यायला सांगावे. डावीकडे एका जागी ऐकले की लगेच उजवीकडे त्याच जागी ऐकावे, कारण निदान बहुतेक वेळा दोन बाजूंच्या फरकातून होते. पाठ, काखा आणि हासळीच्या वरची जागा सुटता कामा नये. फुप्फुसाच्या वरच्या टोकाचा क्षय याच जागी सापडण्याची शक्यता असते. कपड्यावरून ऐकणे हा सर्वांत मोठा दोष. कापडाची खसखस आणि छातीच्या केसांवर घासणारी चकती, दोन्ही हुबेहूब रोगाच्या आवाजाची नक्कल करतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, डोक्यावर पंखा गरगरत असताना, साडीच्या पदरावरून दोन ठिकाणी नळी टेकवून केसपेपरवर ‘चेस्ट क्लिअर’ लिहिले जाते. त्या दोन शब्दांवर फार विसंबू नये.

निरोगी छातीत बहुतेक ठिकाणी मऊ, खालच्या पट्टीतला आवाज येतो. श्वास आत जाताना तो सबंध वेळ ऐकू येतो, बाहेर पडताना लवकर विरतो आणि दोहोंमध्ये खंड नसतो. गळ्यातल्या श्वासनलिकेवर ठेवलेल्या नळीतून येणारा आवाज याहून निराळा : पोकळ, कर्कश, उच्छ्वासात लांबलेला, मध्ये स्पष्ट खंड असलेला. तो गळ्यावर असणे योग्यच आहे. तोच आवाज पाठीवर खाली, फुप्फुसाच्या तळाशी ऐकू आला तर मधला हवेशीर भाग घट्ट झाला आहे असे समजावे. न्यूमोनियात हेच घडते. अशा जागी रुग्णाने ‘एक, दोन, तीन’ असे कुजबुजून म्हटले तरी शब्द नळीतून स्वच्छ कळतात. म्हणजे काही आवाज मुळात रोगट नसतात, ते चुकीच्या जागी ऐकू येतात.

रोगाचे म्हणून जे जादा आवाज आहेत, त्यांचे दोन मोठे गट पडतात. पहिला सलग, सूर असलेल्या आवाजांचा. अरुंद झालेल्या श्वासनलिकांच्या भिंती हवेच्या झोताने कंप पावतात तेव्हा शिटीसारखा ‘व्हीज’ उमटतो. दम्यात तो दोन्ही बाजूंना व उच्छ्वासात अधिक येतो. लहान मुलाच्या एकाच बाजूला अचानक शिटी ऐकू आली, तर दम्याच्या आधी नलिकेत अडकलेल्या शेंगदाण्याचा किंवा चिंचोक्याचा विचार करावा. खालच्या पट्टीतला घोरल्यासारखा आवाज, डॉक्टरांच्या बोलीत ‘रॉन्काय’, मोठ्या नलिकांतल्या कफाचा असतो. रुग्णाला खोकायला लावले की तो बदलतो किंवा जातो. श्वास घेताना गळ्यापाशी, नळीशिवायही ऐकू येणारा ‘स्ट्रायडर’ हा वरच्या मार्गातला अडथळा. तो ऐकल्यावर पुढची तपासणी गाडीत बसून करावी, इतका तो निकडीचा आहे.

दुसरा गट तुटक आवाजांचा. केसपेपरवर यांना ‘क्रेप्स’ म्हणतात. कानाजवळची केसांची बट बोटांत चोळल्यावर जो आवाज येतो, तसे बारीक क्रेप्स श्वास आत घेण्याच्या शेवटी येतात. मिटलेल्या सूक्ष्म नलिका एकेक करून उघडल्याचे ते चिन्ह. हृदय कमजोर पडल्यावर फुप्फुसात साठणारे पाणी आणि फुप्फुसाला आलेला चिवटपणा यांत ते तळाशी ऐकू येतात. जाड, बुडबुडणारे क्रेप्स कफाचे. पूर्व विदर्भात अनेक कुटुंबांत आढळणाऱ्या सिकलसेल रोगात ताप, छातीत कळ आणि नवे क्रेप्स एकत्र आले, तर तो साधा खोकला समजून घरी पाठवण्याजोगा रुग्ण नसतो.

आणि मग शांतता. एका बाजूचा श्वास ऐकूच येत नसेल तर फुप्फुसाभोवती पाणी किंवा हवा साठलेली असू शकते. बोटाने ठोकून पाहिल्यावर पाण्यावर बद्द आणि हवेवर पोकळ नाद येतो. दम्याच्या तीव्र झटक्यात वाजणारी छाती गप्प झाली आणि रुग्ण थकत चालला, तर त्याला बरे वाटते आहे असे नातेवाइकांना वाटते. प्रत्यक्षात शिटी वाजण्याइतकीही हवा आत जात नसते.

या कलेची मर्यादाही मान्य करायला हवी. एकाच मुलाच्या छातीत क्रेप्स आहेत की नाहीत यावर दोन अनुभवी डॉक्टरांचे एकमत होईलच असे नाही. म्हणून बालकांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनेने नळीऐवजी श्वासांच्या मोजणीवर भर दिला : दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला 60, एक वर्षाच्या आत 50 आणि पाच वर्षांच्या आत 40 किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे धोका. छाती आत ओढली जात असेल तर अधिकच. याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजून गोळ्या-औषध द्यायला शिकवले. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार केले; दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्के कमी होते. स्टेथोस्कोपविना मिळालेले हे यश स्टेथोस्कोपच्या इतिहासातही नोंदवायला हवे.

पण एक प्रसंग असा आहे, जिथे नळीला पर्याय नाही, आणि तो नेमका कपाशीच्या मुलखातला आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास माणसे दगावली. अनेकांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार झाले. ऑरगॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक अंगात भिनले की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो आणि श्वासनलिका स्रावाने भरतात. रुग्ण जणू आतल्या आत बुडतो. दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत क्रेप्स आणि शिट्या येतात. उतारा ॲट्रोपिनचा, आणि त्याची मात्रा ठरते ती मुख्यतः छातीच्या आवाजावर. सुरुवातीचे इंजेक्शन दिल्यावर दर पाच मिनिटांनी ऐकायचे. छाती मोकळी झाली नसेल तर मात्रा दुप्पट करायची. सोबत नाडी, रक्तदाब आणि काखेचा घाम पाहायचा. छाती कोरडी झाली की मात्रा वाढवणे थांबवायचे. एकाच जागी क्रेप्स रेंगाळले तर ते उलटी फुप्फुसात गेल्याचेही असू शकतात. त्यांच्यामागे ॲट्रोपिन ओतत राहिले तर ताप व भ्रम होतो आणि आतड्यांची हालचाल थांबते, म्हणून नळी पोटावरही लावायची.

सर्वच कीटकनाशकांवर ॲट्रोपिन चालत नाही, आणि शेतात दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याची सवय सर्रास आहे. त्यामुळे फवारणीनंतर कुणाला मळमळ, धूसर दिसणे किंवा धाप सुरू झाली तर अंगावरचे कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुवावे, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वापरलेल्या प्रत्येक औषधाचा डबा किंवा बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावी.