मायकलमस: खंड, गूज आणि प्रदक्षिणा

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत 'मायकलमस' हा शब्द हमखास भेटतो. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला (१८१३) श्रीमंत बिंगली नव्या घरात येणार, तो मायकलमसच्या आत. आपण सण म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण या तारखेच्या आत-बाहेर होण्यावर हजारो कुळांचं पोट अवलंबून होतं, हे लक्षात आलं की सणाचा चेहराच बदलतो.

मायकलमस म्हणजे २९ सप्टेंबर, देवदूत सेंट मायकलचा दिवस. सैतानाला स्वर्गातून खाली लोटणारा तो हाच. (माहीमचं चर्च, जिथे दर बुधवारी नोव्हेनासाठी रीघ लागते, तेही याच्याच नावाचं.) रोमजवळच्या व्हिया सलारिया रस्त्यावर पाचव्या शतकात त्याच्या नावाने चर्च झालं, त्याच्या अर्पणसोहळ्यापासून ही तारीख आली. १९६९ साली कॅथलिक पंचांगात गॅब्रिएल आणि राफाएल यांचे दिवसही याच तारखेत आणून ठेवले. धर्माची बाजू एवढीच.

खरी मजा शेतावर आहे. इंग्लंडात वर्षाचे चार हिशेबाचे दिवस असत: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि नाताळ. त्यातला सप्टेंबरचा दिवस सुगीनंतरचा. धान्य घरात आलेलं, म्हणजे खंड भरायची वेळ झाली. गड्यांचे वर्षाचे करार संपायचे, नवे व्हायचे. मालकाचा रोष नको म्हणून कूळ खंडासोबत एक गूजही घेऊन जाई. (हितगुजातलं गूज नव्हे हो, बदकाचा थोरला भाऊ!) कापणी झालेल्या शेतात सांडलेले दाणे टिपून हे पक्षी नेमके याच सुमाराला गुबगुबीत झालेले असत. पहिल्या एलिझाबेथ राणीला १५८८ मध्ये आर्माडाच्या पराभवाची बातमी कळली तेव्हा ती गूज खात होती आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, अशी एक लाडकी कथा आहे. कथा छान आहे, पण खोटी. पंधराव्या शतकातल्या कुळांच्या देण्यांतच मायकलमसचं गूज नोंदलेलं सापडतं. प्रथेचं श्रेय राणीला दिलं की कुळाची लाचारी झाकली जाते, म्हणूनच ती कथा टिकली असावी, असं आपलं मला वाटतं.

मग आलं १७५२ साल. ब्रिटनने नवं पंचांग घेतलं आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. अकरा दिवस गायब! आता विचार करा, मायकलमस अवघ्या पंधरवड्यावर. पंचांग बदललं म्हणून शेतातलं पीक थोडंच अकरा दिवस आधी पिकतं? कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं. त्यांनी खंड आणि करार जुन्याच नैसर्गिक दिवसावर ठेवले, म्हणजे नव्या पंचांगाप्रमाणे १० ऑक्टोबरवर. 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणून लोकांनी दंगली केल्या हे पुस्तकांत रंगवून सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही; ते बरंचसं हॉगार्थच्या निवडणुकीवरच्या चित्रातून आलंय. कुळांची भीती मात्र रास्त होती.

याच जुन्या मायकलमसला सैतान काटेरी ब्लॅकबेरीच्या झुडपावर पडला आणि चिडून फळांवर थुंकला, म्हणून त्यानंतर ती खायची नाहीत. ऑक्टोबरच्या ओलीत ती फळं पाणचट होतात, बुरशी धरतात, तेव्हा आजीबाईंचा सल्ला तसा बरोबरच.

सगळ्यात सुंदर मायकलमस मात्र स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचा. अलेक्झांडर कार्मायकल हा अबकारी खात्यातला माणूस गावोगाव फिरला आणि १९०० साली 'कार्मिना गॅडेलिका'त त्याने तो लिहून ठेवला. शेतात पिकलेल्या प्रत्येक धान्याचं थोडं थोडं पीठ घेऊन 'स्त्रुआन' नावाची मोठी भाकरी करायची. घरातल्या गेलेल्या किंवा दूर असलेल्या माणसांच्या नावानेही छोट्या भाकऱ्या व्हायच्या. बायका रानातली गाजरं खणायच्या आणि पुरुषांना भेट द्यायच्या. दुहेरी गाजर मिळालं तर नशीबवान! आदल्या रात्री शेजाऱ्याचा घोडा न विचारता नेला तरी चोरी ठरत नसे, फक्त नंतर तो परत करायचा.

आणि सणाच्या दिवशी सगळं गाव घोड्यांवर बसून दफनभूमीला फेरी घाली, सूर्याच्या दिशेने, म्हणजे उजवीकडून. या उजवीकडून जाण्याला गेलिकमध्ये 'देशल' म्हणतात. त्यातल्या 'देस'चा अर्थ उजवा आणि दक्षिण, दोन्ही. संस्कृत 'दक्षिण' हा त्याचाच सख्खा भाऊ, ज्यातून आपली प्रदक्षिणा आली. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण उजव्या हाताला येते, उइस्टच्या बेटावरही आणि पंढरपुरातही.